इंटरफेसला माइक-पिकअप जोडल्यावर येणारी घूं, भुणभुण आणि शूं

तरफ :
पुण्यात आता घरी रेकॉर्डिंग करणारे गल्लोगल्ली झालेत, क्लास घेणारे सर-ताई, शिकणारी मुलं, कीर्तनकार, पॉडकास्टवाले, आणि मला याचा मनापासून आनंद आहे. पण यातली बरीच रेकॉर्डिंग्ज ऐकताना गाण्याच्या मागे काहीतरी सतत वाजत असतं, घूं नाहीतर शूं, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं, "नंतर सॉफ्टवेअरमधे काढू". हे मला पटत नाही म्हणून हा धागा. नॉइज इंटरफेसमधे (माइकचा सिग्नल आकड्यांत करून कॉम्प्युटरला देणारा डबा) शिरायच्या आधी अडवायचा, एकदा तो गाण्यासकट आकड्यांत उतरला की बाहेर काढताना गाण्याचा लचका तुटतोच.

कसा ते सांगतो. पांढरी एकचा (सा पहिल्या पांढऱ्या पट्टीवर) तानपुरा घ्या. जोड, म्हणजे मधल्या सा च्या दोन तारा, १३१ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे पंचमाची तार ९८ वर. आपल्या लाइटची घूं ५० वर आणि रेक्टिफायर असलेल्या वस्तूंमधून येणारी भुणभुण १०० वर आणि तिच्या पटीत. म्हणजे ९८ च्या पंचमाला १०० ची भुणभुण चिकटून बसते आणि सेकंदाला दोन लाटा ऐकू येतात, माणूस हेडफोन लावून तार पुन्हा पुन्हा मिळवत बसतो आणि ती लागतच नाही. वरच्या सप्तकातही तेच, १९६ च्या शेजारी २००. बरं, आता सॉफ्टवेअरमधे १०० आणि २०० वर खाच मारली तर पंचमच पातळ होतो. त्यात ग्रिडची फ्रिक्वेन्सी ५० ला खिळलेली नसते, ४९.९० ते ५०.०५ हा तिचा नियमातला पट्टा आहे, म्हणजे विसाव्या पटीला, हजार हर्ट्झच्या आसपास, ती तीन हर्ट्झ इकडेतिकडे सरकू शकते. म्हणून खाच रुंद करावी लागते आणि तानपुऱ्याची जवारी (तारेची ती झणझणती आस) नेमकी त्या वरच्या पटींमधेच राहते.

तर आधी आवाज ओळखायला शिका. कुठल्याही रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमधे स्पेक्ट्रम दाखवायची सोय असते, काही न वाजवता अर्धा मिनिट रेकॉर्ड करा आणि बघा. नुसता ५० वर खांब उभा असेल तर बहुतेक जवळच्या ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र किंवा ग्राउंड लूप (जोडलेल्या वस्तू एकाहून जास्त वाटांनी अर्थला गेल्यामुळे होणारं वेटोळं). १००, २००, ३०० अशी कुंपणासारखी रांग दिसली तर चार्जर, डिमर, एलईडीचे ड्रायव्हर, नाहीतर कुठेतरी शिल्ड (सिग्नलच्या वायरीभोवतीची जाळी) तुटलेलं. रांगच नाही, सगळीकडे सपाट गवत, ती शूं, तिचा लाइटशी संबंध नाही, ती माइक, प्रीअ‍ॅम्प (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं सर्किट) आणि खोलीची.

मग एकेक गोष्ट काढत जायचं. पिकअपची (वाद्याला लावलेल्या सेन्सरची) वायर इंटरफेसमधून काढा, गेनला (सिग्नल किती वाढवायचा त्या बटणाला) हात लावू नका. घूं गेली तर गडबड वायरीत किंवा तिच्या पलीकडे आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. गिटार असेल तर हातात धरून जागच्या जागी फिरा, एका दिशेला घूं कमी झाली तर पिकअप चुंबकीय क्षेत्र पकडतोय. तारेला बोट लावल्यावर भुणभुण कमी झाली तर शिल्डिंग अपुरं आहे. एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने गेलं ते कळत नाही.

आपापले अनुभव आणि अडचणी लिहा.

निवांत_पेठकर :
छान धागा. माझा प्रॉब्लेम पहिल्याच प्रकारातला. लॅपटॉप, त्याला यूएसबीवर चालणारा इंटरफेस, आणि इंटरफेसचा आउटपुट पॉवर्ड स्पीकरला. चार्जर लावला की भुर्रर्र, काढला की शांत. बॅटरी जुनी झालीये, तासभरसुद्धा टिकत नाही. ओळखीच्या एकाने सांगितलं की स्पीकरच्या तीन पिनच्या प्लगमधली अर्थची जाड पिन काढून टाक, आवाज जाईल. घर जुनं आहे, सदाशिव पेठेत. करू का?

फेज_न्यूट्रल :
नाही. अजिबात करू नका.

माझं आयुष्य वायरिंगमधे गेलंय म्हणून जरा सविस्तर लिहितो. ती पिन आवाजासाठी नसते, जिवासाठी असते. स्पीकरच्या आत फेजची वायर सुटून बॉडीला टेकली तर करंट अर्थमधून जातो आणि फ्यूज नाहीतर एमसीबी पडतो. पिन काढली की तोच करंट तुमची वाट बघत बॉडीवर बसून राहतो. गाणाऱ्याचे ओठ माइकच्या जाळीला आणि बोटं गिटारच्या तारांना, दोन्ही वेगवेगळ्या लाइनवरून आलेलं, म्हणजे मधे कोण ते बघा.

आता भुर्रर्र कुठून येतं. लॅपटॉपच्या चार्जरमधे आत एक छोटा कपॅसिटर मेन्स बाजू आणि आउटपुट बाजू यांना जोडून असतो, नॉइज दाबण्यासाठीच तो मुद्दाम घातलेला असतो. दोन पिनचा चार्जर असला की त्यामुळे लॅपटॉपची धातूची बॉडी हवेत लटकते, साधारण ११५ व्होल्टला, पण करंट अगदी नगण्य. हाताची मागची बाजू बॉडीवरून अलगद फिरवलीत की झिणझिण लागते ती हीच, टेस्टर लावला तर मिणमिणतो. स्पीकर अर्थ केलेला असला की तो करंट यूएसबीच्या शिल्डमधून इंटरफेसमधे, तिथून ऑडिओ केबलच्या शिल्डमधून स्पीकरमधे आणि मग अर्थला जातो. तुमचा सिग्नलही त्याच शिल्डच्या भरवशावर चाललाय, म्हणून तो ऐकू येतो.

मल्टिमीटर असेल तर सॉकेटमधे मोजा, किंवा माहितगाराकडून मोजून घ्या. फेज ते अर्थ २३० च्या जवळ आणि न्यूट्रल ते अर्थ एक-दोन व्होल्ट असेल तर अर्थ बरा आहे. फेज-अर्थ शंभर-सव्वाशेवर डोलत असेल तर अर्थ मेलेला. पेठांमधल्या जुन्या घरांत मी हे कितीतरी वेळा बघितलंय, सॉकेट तीन भोकांचं आणि मागे वायरी दोनच. आणि त्याहून वाईट म्हणजे कुणीतरी आत न्यूट्रलवरून अर्थला तुकडा जोडून ठेवलेला असतो, मीटरवर सगळं ठीक दिसतं, पण ज्या दिवशी न्यूट्रल तुटेल त्या दिवशी घरातल्या सगळ्या वस्तूंच्या बॉडीला फेज येईल. सॉकेट उघडल्याशिवाय हे कळत नाही. लायसन्सवाल्या वायरमनकडून अर्थिंग करून घ्या आणि ३० मिलिअ‍ॅम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की लगेच लाइन तोडणारा स्विच) बसवा.

तरफ :
फेज_न्यूट्रल काकांना शंभर टक्के अनुमोदन. अर्थ तोडायचा नाही, लूप तोडायचा. आणि तो ऑडिओच्या बाजूला तोडता येतो.

पेठकर, तुमच्या इंटरफेसचे आउटपुट बॅलन्स्ड असतील (बहुतेक असतातच) आणि स्पीकरचे इनपुटही, तर तीन कॉन्टॅक्टवाली टीआरएस ते एक्सएलआर केबल लावून बघा, सध्या तुम्ही साधी मोनो केबल लावली असणार असा माझा अंदाज. बॅलन्स्डमधे सिग्नल दोन वायरींवर जातो, दोन आणि तीन नंबरच्या पिनवर, एक नंबर शिल्डची. वाटेतली घूं दोन्ही वायरींवर सारखीच बसते आणि समोरचं सर्किट दोन्हींमधला फरक तेवढा घेतं म्हणून सारखं ते वजा होतं. मात्र दोन्ही वायरींचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) सारखा हवा, सगळा खेळ त्या सारखेपणावर आहे. एका पिनचं सोल्डरिंग कच्चं झालं की केबल दिसायला बॅलन्स्ड राहते आणि घूं आत येते.

स्पीकरला बॅलन्स्ड इनपुट नसेल तर मधे १:१ चा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर, ज्याला ग्राउंड लूप आयसोलेटर म्हणून विकतात. चांगल्यातला घ्या, स्वस्तातला घूं घालवतो पण खालचे सूरही घेऊन जातो, डग्ग्याची घुमक ऐकून लगेच कळेल. आणि लॅपटॉप, स्पीकर सगळं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या, दोन भिंतींच्या दोन सॉकेटवर नको. एवढ्याने पण बराच फरक पडतो.

गज :
वाचनखूण साठवतेय. माझा प्रश्न पिकअपचा. व्हायोलिनच्या घोडीजवळ पियेझोची चकती चिकटवलीये, ती पितळी गोल असते ना तीच, तिच्या दोन बारीक वायरी, पुढे साध्या केबलने मिक्सरच्या लाइन इनपुटला आणि मिक्सरमधून इंटरफेसला. आवाज येतो पण पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखा, खालची तार तर जवळजवळ गायब, आणि हात चकतीजवळ नेला की भुणभुण वाढते. इक्वलायझरने बेस वाढवला की बेस येत नाही, भुणभुणच येते. चकती बदलू का?

तरफ :
चकती बदलू नका, ती बिचारी बरोबर काम करतेय, तिला जोडलंय चुकीच्या ठिकाणी.

पियेझो म्हणजे विजेच्या भाषेत एक कपॅसिटर. २७ मिलिमीटरची चकती साधारण २० नॅनोफॅरड धरा. लाइन इनपुटचा इम्पिडन्स १० हजार ओहम. या दोघांचा मिळून फिल्टर होतो आणि त्याची सीमा काढायचं सूत्र सोपंय, एक भागिले दोन पाय आर सी (आर म्हणजे इनपुटचा इम्पिडन्स, सी म्हणजे चकतीचं कपॅसिटन्स). उत्तर येतं जवळपास ८०० हर्ट्झ. त्याच्या खालचं सगळं उतरत जातं, सप्तकाला ६ डीबी (डेसिबल, पातळीचं माप) या हिशोबाने, आणि व्हायोलिनची खालची तार २०० च्याही खाली असते. म्हणून डबा. पियेझो म्हणजे बारीक झरा आहे, त्याला ओढणारा मोठा पंप लावला की कोरडा पडणारच. तीच चकती इंटरफेसच्या इन्स्ट्रुमेंट इनपुटला लावा (गिटारचं चिन्ह असतं, किंवा हाय-झी लिहिलेलं बटण), तो साधारण १ मेगाओहमचा असतो, सीमा ८ हर्ट्झवर जाते आणि आख्खं व्हायोलिन परत येतं. मिक्सर मधून काढूनच टाका.

घोडीखाली बसणाऱ्या चपट्या पिकअपची गोष्ट जरा वेगळी, त्यांचं कपॅसिटन्स एक नॅनोफॅरड किंवा त्याहून कमी असतं, मग १ मेगाओहमसुद्धा अपुरा, सीमा १६० वर येते. तिथे १० मेगाओहमचा बफर (पिकअपवर ओझं न टाकता सिग्नल पुढे देणारं छोटं सर्किट) लागतो. टीएल०७१ सारखा जेफेट इनपुटचा ऑपअ‍ॅम्प, नऊ व्होल्टची बॅटरी, अर्ध्या व्होल्टेजचा बायस १० मेगाओहममधून, झालं. आणि हा बफर पिकअपच्या शेजारी बसवायचा, पाच मीटर केबलच्या टोकाला नाही.

इथे बरेच जण अडखळतात, की मोठा रेझिस्टर म्हणजे जास्त शूं, पुस्तकात तर तसंच लिहिलंय, मग १० मेगाओहम कशाला. पुस्तक खरं आहे पण रेझिस्टर नुसता असेल तर. इथे त्याच्या समांतर पियेझोचा कपॅसिटर आहे, तो रेझिस्टरचा नॉइज खालच्या फ्रिक्वेन्सीला गुंडाळून ठेवतो, आणि रेझिस्टर जितका मोठा तितका तो नॉइज ऐकू येण्याच्या पट्ट्यातून खाली सरकतो. म्हणजे पियेझोला मोठा रेझिस्टर शांत असतो. हे मला या सगळ्या विषयातलं सर्वात सुंदर वाटतं.

आता हात नेल्यावर भुणभुण. चकतीची पितळी बाजू ग्राउंड, आणि पांढरट चिनीमातीची बाजू सिग्नल. पितळ लाकडाला चिकटवलं की सिग्नलची बाजू उघडी पडते आणि अँटेना होते. तिच्यावर आधी इन्सुलेशनची पातळ टेप, मग त्यावर तांब्याची टेप कडेपर्यंत, आणि तांब्याला एक थेंब सोल्डर घालून शिल्डला जोडायचं. तांबं पांढऱ्या बाजूला कुठेही टेकू देऊ नका, नाहीतर आवाज बंद. त्या दोन सुट्या बारीक वायरीही नकोत, चकतीपासूनच शिल्डेड वायर घ्या. सोल्डरिंग आयर्न चकतीवर दोन सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नका, वरचा चंदेरी थर उचलून येतो.

गज :
बाप रे, एवढं कोणी नीट सांगितलंच नव्हतं. तांब्याची टेप कुठे मिळेल?

फेज_न्यूट्रल :
तपकीर गल्लीत, पासोड्या विठोबाच्या बाजूने आत शिरा, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत विचारा. मागच्या गोंदातून करंट जातो अशी टेप मागा, साधीच मिळाली तर प्रत्येक जोडावर सोल्डर घालावं लागेल. शिल्डेड वायर घेताना टोक सोलून बघायचं, जाळी दाट विणलेली हवी. काही वायरींत नुसत्या चार केसांसारख्या तारा गुंडाळलेल्या असतात, ती घेऊ नका.

दूरचे_कान :
तरफ यांनी बफर पिकअपच्या शेजारी लावायला सांगितलंय, त्याचं कारण आपल्याच जिल्ह्यात फार मोठ्या प्रमाणावर बघायला मिळतं. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश. आकाशातून येणारा सिग्नल इतका क्षीण असतो की कमी नॉइजचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर डिशच्या फोकसपाशी, अँटेनाला लागूनच बसवलेला असतो. कारण साखळीतल्या पहिल्या पायरीचा नॉइज पुढच्या प्रत्येक पायरीत सिग्नलबरोबर वाढत जातो, आणि पहिल्या पायरीत पुरेसा गेन मिळाला की पुढच्या पायऱ्यांचा स्वतःचा नॉइज त्याच्यापुढे नगण्य होतो. माइकलाही हाच नियम. पहिला अ‍ॅम्प्लिफायर चांगला आणि उगमाशी असेल तर पुढचा कन्व्हर्टर (सिग्नलचे आकडे करणारा) साधा असला तरी चालतं.

दुसरी गोष्ट, तिथे डिशपासून मधल्या इमारतीपर्यंत सिग्नल ऑप्टिकल फायबरने जातो. काचेतून ग्राउंड लूप होत नाही. ज्यांच्याकडे आठ चॅनलचा वेगळा प्रीअ‍ॅम्प आहे आणि त्याला ऑप्टिकल आउटपुट आहे त्यांनी तो वापरावा, कॉम्प्युटरची बाजू आणि माइकची बाजू विजेच्या दृष्टीने पूर्ण सुटी होते.

तरफ :
क्या बात है. ऑप्टिकलचा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता.

संवादिनी :
आमच्याकडे घूं नाहीये, नुसती शूं. हार्मोनियम आणि गायन, क्लासमधेच रेकॉर्ड करतो, एक डायनॅमिक माइक आहे, स्टेजवर वापरतात तोच नेहमीचा. गायन ठीक येतं पण तानपुरा किंवा आलाप हळू असला की शूं वर येते. दुकानदार म्हणतो महागडा प्रीअ‍ॅम्प घ्या.

तरफ :
घ्यायच्या आधी हा हिशोब बघा.

स्टेजवरचा नेहमीचा डायनॅमिक म्हणजे शुअर एसएम ५८ धरू. त्याची सेन्सिटिव्हिटी एका पास्कलला १.८५ मिलीव्होल्ट, आणि एक पास्कल म्हणजे ९४ डीबीचा आवाज. तुमचा हळू आलाप माइकपाशी ५४ डीबी धरला तर ४० डीबी कमी, म्हणजे शंभरावा भाग, साडेअठरा मायक्रोव्होल्ट. प्रीअ‍ॅम्पच्या भाषेत उणे ९२ डीबीयू (व्होल्टेजचं डीबीतलं माप). आजकालच्या बऱ्या इंटरफेसचा इनपुट नॉइज उणे १२८ च्या आसपास असतो. फरक ३५-३६ डीबी. शूं ऐकू येणारच.

आता महागडा प्रीअ‍ॅम्प काय करेल? १५० ओहमच्या माइकचा स्वतःचा, निसर्गनियमाने येणारा नॉइज उणे १३१ आहे. त्याच्या खाली कोणीही जाऊ शकत नाही, कितीही पैसे टाका. म्हणजे जास्तीत जास्त ३ डीबी मिळणार. तेवढ्यासाठी खिसा रिकामा करू नका. माइक ६० सेंटिमीटरवरून ३० वर आणलात तर ६ डीबी मिळतात, फुकट.

खरा फरक कंडेन्सर माइकने पडेल, त्याचा आउटपुट दहापट असतो त्यामुळे प्रीअ‍ॅम्पचा प्रश्नच मिटतो, उरतो माइकचा स्वतःचा नॉइज. तो बॉक्सवर डीबीए (कानाला जाणवेल तसे मोजलेले डीबी) मधे लिहिलेला असतो. ५ ते ७ असेल तर उत्तम. १८-२० असेल तर तुमच्या त्या आलापाला पुन्हा ३५ डीबीच मिळतील, म्हणजे पैसे देऊन होता तिथेच. घेताना हा आकडा विचाराच.

कंडेन्सरला ४८ व्होल्ट फँटम (माइकच्या केबलमधूनच दिलेली वीज) लागतो. नॉयमनने १९६६ मधे नॉर्वेच्या रेडिओसाठी ही पद्धत आणली. दोन्ही सिग्नल वायरींवर सारख्याच, ६.८ किलोओहमच्या रेझिस्टरमधून तो व्होल्टेज चढतो, त्यामुळे फरक घेणाऱ्या सर्किटला तो दिसतच नाही. पण पियेझो किंवा कुठलंही अनबॅलन्स्ड काही एक्सएलआरला अ‍ॅडाप्टरने जोडलेलं असेल तर फँटम बंद ठेवा.

शेजारची_खोली :
संवादिनी, खोलीचं पण बघा. कर्वे रोडच्या बाजूला खिडकी असेल तर ७ डीबीएचा माइक घेऊन काही उपयोग नाही, रात्रीसुद्धा खोलीतच ३५ असतो. आणि पावसाळा सुरू झाला की नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव, तो ढोल भिंतीतून येतो, केबल बदलून जात नाही. आम्ही ते दोन महिने सकाळी लवकर रेकॉर्ड करतो. माइकची पाठ खिडकीकडे आणि गायकाच्या मागे जाड रजया टांगलेल्या, एवढं केलं तरी खूप सुधारतं.

कृष्णधवल :
पंख्याचा रेग्युलेटर कोणी लिहिला नाही. गोल फिरणारा, आत ट्रायकवाला जो असतो, तो दर अर्ध्या सायकलला करंट मधूनच तोडून सोडतो, सेकंदाला शंभर वेळा, आणि आमच्याकडे सिंगल कॉइल गिटार त्याच खोलीत लावली की झर्रर्र. पंखा फुल्लवर केला की गप्प. टप्प्याटप्प्याचा, कपॅसिटरवाला रेग्युलेटर बसवला, गेला आवाज.

अजून एक, गुरुवार. आमच्या भागात मेंटेनन्ससाठी लाइट जाते ती बहुतेक गुरुवारीच, आणि लॅपटॉप बॅटरीवर, इंटरफेस यूएसबीवर, फ्रिज बंद, सोसायटीचा पंप बंद, शेजारचे टीव्ही बंद. इतका स्वच्छ आवाज आठवड्यात दुसऱ्या कुठल्या दिवशी मिळत नाही. फक्त इन्व्हर्टर पण बंद ठेवा, स्क्वेअर वेव्हवाला असेल तर १५०, २५०, ३५० असे विषम पटीतले सूर लाइटपेक्षा जोरात येतात.

गज :
गुरुवारची आयडिया मस्तच आहे.

बाराबंदी :
गेनबद्दल विचारायचं होतं. आम्हाला कोणीतरी सांगितलं की लेव्हल लाल दिव्याच्या जरा खाली भिडवून रेकॉर्ड करायची, नाहीतर बिट वाया जातात.

तरफ :
१६ बिटच्या काळातला सल्ला आहे हा, तेव्हा बरोबर होता, तिथे एकूण जागाच ९६ डीबीची. आता २४ बिट, कागदावर १४४, आणि खऱ्या कन्व्हर्टरमधे ११० ते १२०. तुमच्या खोलीत रात्री ३०-३५ डीबी आणि गायकाची तान ९०-९५, म्हणजे ६० डीबी वापरताय. भरपूर जागा आहे. सरासरी उणे १८ आणि वरची टोकं उणे १२ च्या आसपास ठेवा आणि निर्धास्त गा, समेवर येताना तबलजीने जोरात वाजवलं तरी फुटणार नाही. उलट टोकालाही जाऊ नका, प्रीअ‍ॅम्प अगदी शून्यावर ठेवून नंतर सॉफ्टवेअरमधे ४० डीबी वाढवलं तर कन्व्हर्टरचा नॉइज वर येतो. गेन पहिल्या पायरीतच घ्यायचा, वर दूरचे_कान यांनी लिहिलंय तेच.

केबलबद्दल राहिलं होतं ते इथेच लिहितो. माइकची केबल पॉवरच्या केबलला समांतर नेऊ नका, ओलांडावीच लागली तर काटकोनात. अ‍ॅडाप्टरचे ठोकळे इंटरफेसच्या शेजारी नको, अर्धा मीटर लांब सरकवले तरी ५० चा खांब बुटका होतो. पियेझोची केबल पायाखाली आली की खरखर करते, ती केबलमधल्याच घर्षणाची वीज असते आणि बफरच्या आधीच्या भागात जास्त त्रास देते, म्हणून तो भाग तोकडा आणि टेपने पक्का करा. मोबाइल खिशात ठेवून माइकपाशी बसू नका, जुन्या टू-जीवर गेला की सेकंदाला २१७ ठोके पाठवतो आणि ते टर्रर्र थेट प्रीअ‍ॅम्पमधे येतं.

निवांत_पेठकर :
अपडेट देतो. काकांनी सांगितल्याप्रमाणे वायरमनला बोलावलं, फेज-अर्थ १३० दाखवत होता, सॉकेट उघडलं तर अर्थची वायर होती पण मागच्या जंक्शनमधे गंजून सुटलेली. ती जोडली, खालच्या अर्थ पिटचं पण काम करून घेतलं, आरसीसीबी बसवला. लॅपटॉपची झिणझिण गेली, दुकानातून तीन पिनचा चार्जरचा लीड आणला आणि स्पीकरला बॅलन्स्ड केबल लावली. भुर्रर्र संपलं. आई पण म्हणाली की फ्रिजला हात लावला की चुणचुणायचं ते थांबलं.

आता शांत झाल्यामुळे एक बारीक शिटी ऐकू येतेय, आधी भुर्रर्रमधे दबलेली असणार. स्पेक्ट्रममधे १००० आणि ८००० वर दोन सुया दिसतात, बाकी स्वच्छ. माउस हलवला की किर्रर्र पण होतं.

तरफ :
ही यूएसबीची शिटी. यूएसबीची फ्रेम दर मिलिसेकंदाला म्हणजे सेकंदाला १०००, आणि हाय स्पीडमधे तिचे आठ भाग म्हणून ८०००. लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूचा पोर्ट वापरून बघा, बऱ्याच लॅपटॉपमधे दोन्ही बाजूंचे पोर्ट आत वेगळ्या ठिकाणी जोडलेले असतात. माउस आणि इंटरफेस एका हबवर नको. तरी नाही गेली तर स्वतःचा अ‍ॅडाप्टर असलेला हब. यूएसबी आयसोलेटर शेवटी, आणि घेताना वेग बघून घ्या, स्वस्तातले १२ मेगाबिटचे असतात आणि बहुतेक इंटरफेसना ४८० लागतात, लावला की इंटरफेस दिसतच नाही.

निवांत_पेठकर :
डाव्या पोर्टवरून उजवीकडे घेतला आणि माउस ब्लूटूथचा लावला. ८००० ची सुई गेली, १००० ची अगदी थोडी उरलीये, कानाला येत नाही. शनिवारी हार्मोनियम आणि तानपुरा रेकॉर्ड करून क्लिप टाकतो, पांढरी एकमधेच, पंचम लागतो का ते सगळ्यांनी ऐका.

फेज_न्यूट्रल :
आरसीसीबीवरचं टेस्टचं बटण दाबून बघितलंत का? दाबल्याबरोबर पडला पाहिजे. अधूनमधून दाबत जा.